फुलपात्र वाजलं

तिसगाव,
९ ऑक्टोबर १९७३

चि. कानिफ यास आत्याचे पोटभर आशीर्वाद.

दसऱ्याला आला नाहीस. तुझ्या वाटणीची आपट्याची पानं देव्हाऱ्यात ठेवली होती, ती वाळून कुरकुरीत झाली. पुण्यात एवढं कसलं काम असतं ते मी कधी विचारलं नव्हतं. आता विचारते, कारण माझं काम तुझ्याच खात्यातलं निघालं.

यंदा पाऊस झाला. गेल्या साली ज्या पाझर तलावावर आम्ही उन्हातान्हात माती वाहिली, तो पहिल्यांदाच भरला. बायका वाट वाकडी करून पाणी बघून येतात. मीही जाते, खोटं कशाला बोलू. ज्वारीची उगवणही चांगली आहे.

पण तलाव भरल्यापासून जमिनीच्या पोटात गुरगुर होते. मोकळं जातं ओढल्यासारखा आवाज. आधी तळपायाला कळतो, कानाला मागून. फडताळातली भांडी किणकिणतात आणि दोन श्वासांत सगळं गप्प. शेजारच्या लंकाबाईला विचारलं तर म्हणते, "अवो, गोरक्षच्या हिरीचा बार असंल. तुमी उपास लई करता, चांगुणाबाई, त्यानं डोकं घुमतंय." गोरक्ष म्हणजे इथला विहिरींचे सुरुंग उडवणारा. गावात काहीही हललं की त्याच्या नावावर जातं.

हे मी आबासाहेबाला बोलून बसले, ती चूक झाली. तुझा दादा नगरहून दुसऱ्याच दिवशी आला. "आई, बाबा गेल्यापासून एकटी राहून तुझं मन घाबरं झालंय. दत्तजयंतीच्या आत घर बंद करू, जमीन वाट्यानं देऊ, तू नगरला चल," म्हणाला. पोरगा वाईट नाही, हीच अडचण. वाईट असता तर भांडले असते.

मला हे घर सोडायचं नाही. आणि सोडावंच लागलं, तर खुळी ठरून जायचं नाही. तुझ्या भूकंपाच्या यंत्राला विचार: चांगुणाबाई खरं बोलते की नाही?

तुझी आत्या

---

पुणे,
१५ ऑक्टोबर १९७३

ती. आत्यास कानिफचा शिरसाष्टांग नमस्कार.

पानं वाळली असली तरी ठेव. आलो की घेईन.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तळपायाला आधी आणि कानाला मागून, हे तू जे लिहिलंस ते आमच्या पुस्तकात अर्धं पान खर्चून सांगितलं आहे. त्यामुळे मला तरी तू खुळी वाटत नाहीस. पण माझ्या वाटण्याला इथं किंमत नाही.

आमची अडचण ऐक. कोयनेला भूकंप झाला त्यानंतर तिथं आजूबाजूला बरीच यंत्रं बसली. आपल्या नगर जिल्ह्याच्या वाट्याला एकही नाही. तुला सर्वांत जवळचं यंत्र म्हणजे पुण्याचं, ज्याच्यासमोर मी दोन वर्षं भिंग घेऊन बसलो आहे. तुझ्याकडची गुरगुर इथपर्यंत पोचता पोचता पार थकून जाते. रोजच्या कागदावर हजार बारीक थरथरी असतात: मालगाडी, वारा, खाणीतले सुरुंग. त्यांतून तुझी ओळखायची तर मला मिनिट कळलं पाहिजे.

म्हणून सोबत वीस कार्डं पाठवतो. गुरगुर झाली की तारीख, वेळ, कुठून आली, काय हललं ते लिही. गोरक्षचे बारही लिही, म्हणजे ते बाजूला काढता येतील. घड्याळ दर आठवड्याला रेडिओवर लावत जा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: घड्याळात दिसेल ते जसंच्या तसं लिही. मनानं एक मिनिट वाढवायचं नाही की घटवायचं नाही.

साहेबांकडे एक जादा यंत्र पडून आहे. ते कुठं बसवायचं हे डिसेंबरात ठरेल. जिथं काही सापडेल तिथं.

तुझा
कानिफ

---

तिसगाव,
४ नोव्हेंबर १९७३

चि. कानिफ यास आशीर्वाद.

भाऊबीजेला तुझ्या बापाला ओवाळायला काष्टीला गेले होते, तेवढे तीन दिवस सोडले तर एकही गुरगुर माझ्या हातून सुटलेली नाही. नऊ कार्डं टाकली, ती पोचली असतील. पोस्टमन म्हणतो, "काकी, पोराचं लगीन जुळवताय का काय?" म्हटलं, धरणीचं जुळवतेय.

तू काय हललं ते विचारतोस, म्हणून मी माप ठरवलं आहे. फडताळाच्या वरच्या फळीवर दोन फुलपात्रं काठाला काठ लावून ठेवली. नुसती ती किणकिणली तर एक. उतरंडीतली मडकी बोलली तर दोन. माळवदावरची कोंबडी ओरडत खाली उतरली तर तीन. आजवर तीन एकदाच झालं, २९ तारखेला दुपारी तीन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी. आवाज दर वेळी डोंगराकडून येतो, वायव्येकडून. मी उंबऱ्यावर उभी राहून खात्री करते.

गोरक्षला बोलावून चहा पाजला आणि त्याच्या बारांच्या वेळा मागितल्या. त्याला आधी वाटलं मी तक्रार करणार. मग खूश झाला. त्याची रीत ठरलेली आहे, माणसं जेवायला वर आली की एक आणि सुट्टी होताना एक. २९ चं विचारलं तर म्हणाला, "काकी, त्यो माजा न्हवं. त्या दिशी म्या सासुरवाडीला गेल्तो. पर गावात आल्यावर समदे मलाच शिव्या देत हुते!" बिचाऱ्यानं किती धक्के अंगावर घेतले असतील.

घड्याळाची काळजी करू नको. दर सोमवारी चावी देते आणि लंकाबाईच्या रेडिओवर सातच्या बातम्या लागल्या की लावून घेते, तुझ्या मामांनी घालून दिलेल्या रीतीनं. त्यांच्यामागे चार वर्षं झाली, एक सोमवार चुकवला नाही. सगळी आळी या घड्याळावर चालते. आणि तू म्हणालास तसं, काट्यावर दिसतं तेच लिहिते.

तुझी आत्या

---

पुणे,
२२ नोव्हेंबर १९७३

ती. आत्यास सा. न.

हे पत्र चार दिवस लिहायचं टाळलं.

तुझी चौदा कार्डं टेबलावर ओळीनं मांडून मी प्रत्येक वेळ कागदावर शोधली. पाच मिनिटं अलीकडे, पाच मिनिटं पलीकडे. २९ तारखेचे तीन सत्तेचाळीस तर दहा वेळा पाहिले. तिथं काही नाही, आत्या. रेघ सरळ आहे.

साहेबांना कार्डं दाखवली. फुलपात्रांच्या मापाला ते मनापासून हसले, वाईट अर्थानं नव्हे. मग म्हणाले, "बाई फार चांगलं लिहितात, पण त्या सुरुंगच मोजताहेत." मी गोरक्षच्या सासुरवाडीचं सांगितलं. ते म्हणाले, तालुक्यात एकच गोरक्ष आहे का?

तू खोटं लिहिलंस असं मी म्हणत नाही. पण कागद मी बदलू शकत नाही. आबादादाचंही पत्र आलं आहे, त्याला तुझी खरीच काळजी वाटते. थोडे दिवस नगरला राहून पाहिलंस तर? तेवढाच बदल होईल.

रागावू नको.
कानिफ

---

तिसगाव,
३० नोव्हेंबर १९७३

चि. कानिफ यास आशीर्वाद.

रागावले नाही. वाईट वाटलं, ते लपवत नाही. लंकाबाई काय म्हणते याचं मला काही नव्हतं. तू म्हणालास म्हणून लागलं. असो.

आबासाहेबाला होकार कळवला आहे. तो ८ तारखेला टेम्पो घेऊन येतो. गाय लंकाबाईकडे बांधली. तिचा हात गायीच्या पाठीवरून असा फिरत होता की मला वाटलं हीच रडणार. उतरंड मोडायला घेतली. मडकी एकेक खाली उतरवताना खालून गुरगुर आली, एक नंबरची. मी कार्ड लिहिलं नाही.

भांडीकुंडी टेम्पोत जातील, घड्याळ मात्र मी मांडीवर घेऊन बसणार. परवा आबासाहेब म्हणाला, "आई, नगरला गेल्यावर ह्याची वेळ तरी नीट लाव. कायम वीस मिनिटं पुढं." मी म्हटलं, हात लावायचा नाही. का ते त्यालाही ठाऊक नाही, तो तेव्हा शिकायला बाहेर होता. आता घरच सुटतंय तर तुला सांगून टाकते. मामांनी शपथ घातली होती, पण आता पोरगं मोठं झालं, कळलं तरी चालेल.

काष्टीच्या बाजारात बैल बघत हुंदडतोस, शाळेत जात नाहीस, म्हणून तुझ्या बापानं तुला माझ्याकडे धाडलं. इथून पाथर्डीच्या हायस्कुलात जायला सकाळी सहा-चाळीसची एस.टी. आठवीत गेलास आणि पहिल्याच आठवड्यात तीनदा गाडी चुकवलीस. तू रडलास. तू झोपल्यावर स्टुलावर चढून मामांनी काटा वीस मिनिटं पुढं सरकवला आणि मला म्हणाले, "पोराला कळू देऊ नगं. कळलं का त्यो वीस मिन्टं मनात वजा करंल आन् परत झोपंल." त्यानंतर तुझी गाडी चुकली नाही. तू पुण्याला गेलास तरी ते म्हणाले, ऱ्हाऊ दे, सुट्टीला आला का लागंल. तेव्हापासून दर सोमवारी बातम्या लागतात सात वाजता, आणि आपल्या घड्याळात वाजलेले असतात सात वीस.

नगरचा पत्ता आबासाहेब कळवेल.

तुझी आत्या

---

तार
पुणे, ४ डिसेंबर १९७३

चांगुणाबाई, तिसगाव. घर सोडू नको. घड्याळाला हात लावू नको. तू खरी. पत्र येत आहे. कानिफ.

---

पुणे,
४ डिसेंबर १९७३

ती. आत्यास साष्टांग नमस्कार, आणि या वेळी तो खरोखर घालतो आहे.

तुझं पत्र सकाळी आलं. वीस मिनिटांपर्यंत वाचलं आणि तसाच उठून कागदांच्या कपाटाकडे धावलो. २९ ऑक्टोबर, तीन सत्तेचाळीस वजा वीस, तीन सत्तावीस. तिथं ती आहे. बोटभर रुंद, स्वच्छ, कोंबडी उतरवण्याच्या लायकीची. चौदांपैकी अकरा सापडल्या. उरलेल्या तीन फुलपात्रांच्या आहेत, त्या इथवर पोचल्याच नसतील.

मी इतका आंधळा कसा, ते सांगतो. धक्क्याच्या दोन लाटा येतात, एक पुढं पळते, दुसरी मागून. वीज दिसली आणि गडगडाट उशिरा झाला की पाऊस किती लांब ते आपण सांगतो, तसंच हे. तुझ्या अकराही धक्क्यांच्या रेघांत दोन्ही लाटांमध्ये अठरा सेकंद आहेत, म्हणजे जागा इथून सुमारे दीडशे किलोमीटरवर. पण एकटं यंत्र नुसतं अंतर सांगतं, दिशा सांगत नाही. कोयनाही पुण्यापासून जवळपास तितकीच लांब, ती दक्षिणेला. या थरथरी मी महिनाभर पाहत होतो आणि कोयनेच्या म्हणून बाजूला टाकत होतो. आज फोन करून विचारलं. त्या वेळांना कोयनेला काहीही झालेलं नाही. दिशा तू सांगितलीस, उंबऱ्यावर उभी राहून.

साहेबांनी भिंग घेतलं, अकराही पाहिल्या, कार्डं पुन्हा वाचली. आता हसले नाहीत. म्हणाले, "या बाई अजून तिथंच आहेत ना?" जादा यंत्र तिसगावला येतंय. रोज सकाळी कागद बदलायला तिथं भरवशाचं माणूस लागेल. मी तुझं नाव दिलं आहे.

तलाव भरल्यामुळे हे होतंय का, ते आत्ताच कुणी सांगू शकणार नाही. एवढ्या लहान धक्क्यांनी घरं पडत नाहीत. पण मोठा कधी येणारच नाही असं वचन मी देणार नाही, कोणीच देऊ नये. म्हणून माळवदावरची माती निम्मी उतरवून घे, जड हंडे फळीवरून खाली ठेव आणि दगडी भिंतीला उसं करून झोपू नको. हे आबादादालाही लिहितो.

आत्या, आठवी ते अकरावी, चार वर्षं, मी स्वतःला पहाटे वेळेवर उठणारा मुलगा समजत होतो. मामांना आता काही सांगता येत नाही, याचं फार वाईट वाटतं.

मी तुला नगरला जा म्हणालो, ते विसर.

तुझा
कानिफ

---

तिसगाव,
११ डिसेंबर १९७३

चि. कानिफ यास अनेक आशीर्वाद.

पुन्हा तार करशील तर आधी पत्रानं कळवत जा. तार म्हटल्यावर लंकाबाईनं उघडण्याआधीच गळा काढला. आळी गोळा झाली. मास्तरांनी वाचून दाखवली तेव्हा ती डोळे पुसून म्हणते, "म्या तर पयल्यापासून म्हनत हुते, चांगुणाबाई खोटं बोलायच्या न्हाईत." बरं म्हटलं.

घड्याळाचं मी आधी का सांगितलं नाही म्हणशील. तूच लिहिलंस, जसंच्या तसं, वाढवायचं नाही की घटवायचं नाही. मी आपली आज्ञा पाळली. शिवाय मला वाटलं, एवढं मोठं यंत्र, जमिनीच्या पोटातलं त्याला कळतं, मग आमच्या घड्याळाचं कळणार नाही?

आबासाहेब ८ ला टेम्पो घेऊन आलाच. तुझं पत्र त्याच्या खिशात होतं. ओट्यावर बसून मला म्हणाला, "आई, आता तर यायलाच पायजे. जमीन खरंच हालती." मी म्हटलं, इतके दिवस हलत नाही म्हणून चल म्हणत होतास, आता हलते म्हणून चल. एक काय ते ठरव. तो हसला नाही. त्यानं माळवदाकडे बघितलं. मग सदरा काढला, फावडं घेतलं आणि वर चढला. दोन दिवस माती उतरवत होता. त्याच टेम्पोतून ती शेतात नेऊन टाकली. कचेरीत बसून बसून हाताला फोड आले त्याच्या. मी हळद लावून दिली. जाताना एवढंच म्हणाला, "दर इतवारी येत जाईन."

उतरंड परत लावली आहे, या वेळी तीनच मडक्यांची.

तुझी आत्या

---

पुणे,
४ जानेवारी १९७४

ती. आत्यास सा. न.

यंत्र बसवून परत आलो त्याला पाच दिवस झाले. तुझा पहिला कागद काल टपालानं आला. साहेबांनी तो आमच्या दोन मदतनिसांसमोर धरला. कागदावर धूर धरून काजळी चढवायची, म्हणजे सुईची रेघ पांढरी उमटते. यांना दोन वर्षांत ती सारखी चढवता येत नाही, आणि तुझा कागद गर्भरेशमी खणासारखा काळाभोर. तू म्हणालीस ते मी त्यांना सांगितलं: पाच बाळंतपणांची काजळं धरली आहेत, त्यात काय मोठं.

यंत्राबरोबर दिलेलं छोटं घड्याळ आता नोंदींसाठी वापर. त्याची वेळ पक्की असते.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. निघायच्या दिवशी पाथर्डीहून पुण्याची गाडी धरायची होती, पण माझी सहा-चाळीसची चुकली, ती एस.टी. लवकर आली म्हणून नव्हे. मी तुला तसं सांगितलं, ते खोटं. डोळे उघडले तेव्हा भिंतीवर सहा-पंचवीस झाले होते. मनात वीस वजा केले, म्हणजे सहा-पाच, आणि कुशीवर वळलो.

मामा बरोबर होते. आता मला कळलंच आहे, तर ते घड्याळ खऱ्या वेळेला लावून टाक.

तुझा
कानिफ

---

तिसगाव,
१६ जानेवारी १९७४

चि. कानिफ यास आशीर्वाद. सोबत तिळगूळ आहे, वाटेत चुरा झाला असेल तर चमच्यानं खा.

गाडी का चुकली ते मला त्याच दिवशी कळलं होतं. तू लहानपणीही खोटं बोलताना कान खाजवायचास.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी रविवार होता, आबासाहेब आला. मी कागद बदलला, रेघ पुसू नये म्हणून लाखेच्या पाण्यातून काढून वाळत घातला. तो यंत्राजवळ उकिडवा बसून सुई बघत होता. तेवढ्यात डोंगराकडून गुरगुर आली. फुलपात्रं वाजली, मडकी बोलली, आणि सुई कागदावर थयथय नाचली. आबासाहेबानं जमिनीवर हात टेकला आणि तसाच ठेवला. गुरगुर थांबली तरी उचलेना. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, हे काय?"

मी म्हटलं, "माझं डोकं घुमतंय."

पोरानं माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी उठवलं. मग आम्ही दोघं हसलो आणि मी पदरानं डोळे पुसले. नगरचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. जाताना दाराशी थबकून विचारलं, पुढच्या रविवारी कागद मी बदलू का? म्हटलं, आधी काजळी धरायला शीक.

आता घड्याळाचं. तुझ्या खात्याचं घड्याळ यंत्राशेजारी आहे, ते खरं बोलतं आणि सगळ्या नोंदी मी त्याच्यावरच करते, सेकंदासकट. भिंतीवरचं तुझं आहे. सोमवारी चावी देताना ते मी पुन्हा लावलं. वीस मिनिटं पुढं नाही. किती पुढं ते लंकाबाईलाही सांगितलेलं नाही, आणि तुला तर मुळीच सांगणार नाही.

होळी झाली की रंगपंचमीला मढीच्या यात्रेला ये. परतीची गाडी मिळेल.

तुझी आत्या